विमानतळ दोन, दार अर्धेच

पर्यटन खात्याच्या आकड्यांनुसार 2019 मध्ये गोव्यात सुमारे 9 लाख 37 हजार परदेशी पर्यटक आले. 2024 मध्ये ते 4 लाख 67 हजारांवर, म्हणजे थेट निम्म्यावर आले. याच काळात देशी पर्यटक 71 लाखांवरून 99 लाखांपुढे गेले. हे आकडे बाहेर पडले की गोव्यात बिगरमोसमी शिमगा सुरू होतो. पेडण्याकडचे म्हणतात, दक्षिणेतल्या जुन्या दाबोळी विमानतळाच्या मायेपोटी आमच्या नव्या मोप विमानतळाचे पंख बांधून ठेवले. मुरगाव-सासष्टीकडचे म्हणतात, मोपने दाबोळीच्या ताटातले ओढून नेले. किनाऱ्यावरचे शॅकवाले टॅक्सीवाल्यांकडे बोट दाखवतात, टॅक्सीवाले अ‍ॅपकडे, हॉटेलवाले व्हिसाकडे. या गलक्यात दोन सूर मात्र ठरलेले असतात. एक म्हणतो, आकाश खुले करा, प्रवासी आपसूक येतील. दुसरा म्हणतो, आकाश खुले केले म्हणूनच गोव्याची ही दशा झाली.

दोघेही उदारीकरणाला दिव्याचे बटण समजतात: दाबले की उजेड, नाही दाबले की अंधार. प्रत्यक्षात हवाई धोरणाच्या दाराला चार वेगवेगळी कुलपे असतात. विमान कंपनी काढायची परवानगी, हे पहिले. कुठे उडायचे आणि तिकीट कितीला विकायचे, हे दुसरे. परक्या देशाच्या विमानाला आपल्याकडे उतरण्याचा हक्क, हे तिसरे. आणि धावपट्टीवर उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, म्हणजे स्लॉट, हे चौथे. गोव्यापुरते बोलायचे तर पहिली दोन गेल्या तीस वर्षांत उघडली, तिसरे नुसते किलकिले आहे आणि चौथ्याची किल्ली दाबोळीला दीर्घकाळ नौदलाच्या खिशात राहिली. देशी गर्दी वाढली आणि परदेशी पाहुणा घटला, यामागे ही अर्धवट उघडझाप बऱ्याच अंशी आहे. गोव्यासाठी तिसरे कुलूप पूर्ण काढावे आणि चौथ्याचा हिशेब लोकांपुढे मांडावा, असे माझे म्हणणे आहे. मोप की दाबोळी हा वाद त्यानंतरचा.

नुसती परवानगी दिल्याने प्रवासी वाढत नाहीत, हे आपल्याच इतिहासात दिसते. 1953 च्या कायद्याने खासगी विमान कंपन्या सरकारजमा झाल्या आणि पुढची चाळीस वर्षे देशांतर्गत आकाश सरकारी कंपन्यांचेच राहिले. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 'एअर टॅक्सी' म्हणून खासगी विमानांना वाट मिळाली. 1 मार्च 1994 रोजी तो कायदाच रद्द झाला. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी अशी नावे आकाशात दिसू लागली. दमानियांनी तर मुंबई-गोवा समुद्रमार्गे कॅटामरानही चालवून पाहिली. पण 1997 संपेस्तोवर यातल्या बहुतेकांनी गाशा गुंडाळला. परवानगी होती, मग अडले कुठे? भांडवल तोकडे, इंधनावर जबर कर, विमानतळ सरकारी आणि अपुरे, आणि 1997 च्या धोरणाने परदेशी विमान कंपन्यांना भारतीय कंपनीत भागीदारीची बंदी. पहिले कुलूप काढले आणि बाकीची तशीच ठेवली. 2003 मध्ये एअर डेक्कनपासून स्वस्त तिकिटांची लाट आली. एकाच प्रकारची विमाने, सगळ्या खुर्च्या एका वर्गाच्या, तिकीट घरबसल्या इंटरनेटवर आणि विमान जमिनीवर जेमतेम अर्धा तास. नियम तेच होते. खर्चाचे गणित बदलले आणि प्रवासी आला. 2003-04 मध्ये देशांतर्गत हवाई प्रवासी दीड कोटीच्या आसपास होते, 2024 मध्ये 16 कोटींवर गेले.

या लाटेचे पाणी गोव्यात शिरले ते दाबोळीच्या अरुंद वाटेने. दाबोळीचा जन्मच मुळी बंद दाराच्या धोरणातून झालेला. भारताने नाकेबंदी केली म्हणून पोर्तुगीजांनी 1955 मध्ये हा तळ उभारला आणि तिथून कराची, दमण, दीवला विमाने सोडली. मुक्तीनंतर तो नौदलाकडे गेला आणि नागरी वाहतूक तिथे पाहुणी म्हणून राहिली. वर्षानुवर्षे सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते दुपारी एक हा वेळ लष्करी सरावासाठी राखलेला. नकाशावर हे चार-साडेचार तास किरकोळ वाटतात. विमान कंपनीच्या वेळापत्रकात काय होते ते पाहा. एअरबस ए-320 ला पोट भरायचे तर दिवसाला बारा-तेरा तास हवेत राहावे लागते. मुंबई किंवा बंगळूरहून पहाटे निघालेले विमान आठच्या आत दाबोळीला येऊन साडेआठच्या आत उडाले पाहिजे, नाहीतर ते दुपारपर्यंत अडकले. म्हणून कंपन्या सकाळची फेरी दुसऱ्या शहराला देतात आणि गोव्याला दुपारनंतर येतात. सगळ्यांचे गणित सारखेच, म्हणून दुपारी एकनंतर सगळी विमाने एकदम. एक धावपट्टी, विमाने उभी करायला मोजक्या जागा, सामानाचे पट्टे गच्च आणि परदेशी विमान त्याच वेळी उतरले तर पासपोर्ट तपासणीची रांग जिन्यापर्यंत. युरोपहून रात्री निघालेल्या विमानाला पोचायला सोयीची वेळ सकाळची, आणि नेमकी तीच मिटलेली. एवढे असूनही 2018-19 मध्ये दाबोळीने 84 लाखांहून अधिक प्रवासी हाताळले. (हा आकडा वाचताना एक पथ्य पाळावे: विमानतळ येणारा आणि जाणारा दोन्ही मोजतो. एक पर्यटक आला आणि गेला की प्रवासी दोन. वर्तमानपत्रांतले निम्मे गोंधळ या एका बेरजेचे आहेत.)

जानेवारी 2023 मध्ये मोप सुरू झाले आणि चौथे कुलूप निम्मे उघडले. तिथे नौदल नाही, चोवीस तास विमाने उतरतात, पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 44 लाख प्रवाशांची. दोन्ही विमानतळ मिळून वर्षाचा आकडा एक कोटीच्या पुढे गेला. मग परदेशी का नाही आले?

इथे तिसऱ्या कुलपाकडे वळावे लागते, कारण वादात ते जवळजवळ कुणीच उघडून दाखवत नाही. परदेशी कंपनीला केवळ धावपट्टी मोकळी आहे म्हणून उतरता येत नाही. दोन देशांमध्ये द्विपक्षीय करार असतो. त्यात दोन गोष्टी ठरतात: कोणत्या शहरांत उतरायचे आणि आठवड्याला एकूण किती आसने आणायची. दुबईचे उदाहरण घ्या. त्यांचा वाटा आठवड्याला सुमारे 65 हजार आसनांचा, आणि तो केव्हाच भरला आहे. 2022 मध्ये अमिरातीने जादा आसने आणि नवी शहरे मागितली, तेव्हा त्या यादीत गोवा होता, पुणेही होते. आता समजा दिल्लीने उद्या गोव्याचे नाव करारात घातले आणि आसने मात्र तेवढीच ठेवली. 180 आसनांचे एक विमान रोज म्हणजे आठवड्याला 1,260 आसने. ती आणायची कुठून? मुंबई किंवा दिल्लीच्या फेरीतून कापून. बिझनेस क्लासची महाग तिकिटे जिथे विकली जातात तिथली आसने काढून ती गोव्याच्या सुट्टीच्या मार्गावर कोण घालेल? म्हणजे 'गोव्याला करारात घ्या' ही आपल्या पुढाऱ्यांची आवडती मागणी आसनांविना पोकळ आहे. आणि जी जागा हवी ती एकूण वाट्याच्या दोन टक्क्यांहूनही कमी आहे.

2016 च्या राष्ट्रीय नागरी हवाई धोरणात आणखी एक गंमत आहे. सार्क देश आणि ज्यांचा सगळा प्रदेश दिल्लीपासून 5 हजार किलोमीटरच्या पलीकडे आहे असे देश, यांच्याशी परस्पर खुले आकाश करण्याची तयारी त्यात दाखवली. इंग्लंड, जर्मनी त्यात बसतात. आखात बसत नाही, कारण ते जवळ आहे. रशियाही बसत नाही, मॉस्को साडेचार हजारांच्या आत आहे. गोव्याला ज्यांची विमाने सहज यावीत तेच नेमके रेषेच्या आत. परकार घेऊन वर्तुळ काढणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कळंगुट नव्हते, एवढे खरे.

आता विरोधकांचा सगळ्यांत धारदार मुद्दा घेतो, कारण तो माझ्याच बाजूला टोचतो. भारताने वीस वर्षांपूर्वीच आसियान, म्हणजे आग्नेय आशियातल्या देशांच्या कंपन्यांना अठरा भारतीय शहरांत कितीही फेऱ्या करायची मुभा दिली. त्या अठरांत गोवा आहे. आसनांची मर्यादा नाही, अडवणूक नाही. तरीही सिंगापूर-बँकॉकहून गोव्याला विमानांची रांग लागली नाही. मग आखातासाठी दार उघडून काय दिवे लागणार? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की दार उघडल्याने वाट तयार होते, वाटसरू नाही. ज्याच्या घराबाहेर फुकेत आणि बाली आहे तो समुद्र बघायला गोव्याला कशाला येईल? आखाताचे तसे नाही. तिथे पिढ्यान्‌पिढ्या गोंयकार नोकरीला आहेत, म्हणजे वर्षाचे बाराही महिने भरणारी खुर्ची आहे. आणि दुबई-दोहाच्या तळांवर अर्ध्या युरोपातून विमाने येतात. ज्या युरोपीय शहरातून गोव्याचे थेट विमान कधीच परवडणार नाही, तिथला माणूस एका थांब्यात मोपला पोचू शकतो. मस्कत आणि दोह्याला हक्क मिळाले म्हणून तिथल्या कंपन्यांनी गोव्याला सेवा चालवली, आणि मोप झाल्यावर ओमान एअर आणि कतार एअरवेज दाबोळी सोडून तिकडे गेल्या. मागणी होती तिथे वाट वापरली गेली.

चार्टर विमानांची गोष्टही याच अंगाने वाचली पाहिजे. 1987 मध्ये जर्मनीहून पहिले चार्टर दाबोळीला उतरले तेव्हा विरोधकांनी पाहुण्यांच्या बसवर शेण फेकले होते. आज त्याच पाहुण्यांसाठी गळा काढतो आपण! चार्टर हेही एक उदारीकरणच होते, मागच्या दाराचे. नियमित परदेशी कंपन्यांवर आसनांची बंधने असताना पर्यटन कंपनीला अख्खे विमान भाड्याने घेऊन, खोली-नाश्ता-बससकट विकायची सोय दिली. त्या सोयीवर उत्तर गोव्यातल्या दोन पिढ्यांची चूल पेटली. पण 2014 मध्ये रुबल घसरला, विमाने घटली. सप्टेंबर 2019 मध्ये थॉमस कुक ही ब्रिटिश पर्यटन कंपनी बुडाली, ब्रिटिश विमाने घटली. 2022 मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले, रशियन घटले. गोव्याच्या धोरणात या तिन्ही वेळी एक अक्षर बदलले नव्हते. म्हणून परदेशी पर्यटकांच्या निम्म्या आकड्याचे सगळे खापर दिल्लीच्या करारांवर फोडणेही चूक आहे. मी फोडत नाही. मात्र दोन-तीन पर्यटन कंपन्यांवर आणि दोन देशांवर सगळा भार टाकला, की एकाच्या शिंकेने आपल्याला ताप येतो. नियमित सेवेची वाट अडवून ठेवल्याने हा भार वाटला गेला नाही, ही धोरणाची चूक.

आणि कोणता प्रवासी, हा प्रश्न. चौदा रात्री राहणारे 180 जण एका विमानातून उतरले तर 2,520 खोली-रात्री झाल्या (माणशी मोजले तर). शुक्रवारी येऊन रविवारी परतणाऱ्या, दोन रात्रींच्या पाहुण्यांकडून तेवढ्याच रात्री भरायच्या तर 1,260 माणसे लागतात, म्हणजे सात विमाने. सात वेळा धावपट्टी, सातपट टॅक्सी-फेऱ्या, सातपट चादरी धुणे, आणि पर्वरीपासून कळंगुटपर्यंत शनिवारी संध्याकाळी जे काही होते ते. देशांतर्गत दार सताड उघडे आणि परदेशी दार अर्धे, याचा अर्थ आपण धोरणानेच दोन रात्रींचा पाहुणा निवडला आहे. कुणी ठरवून नाही, पण निवडला आहे.

यावर कुणी म्हणेल, गोव्याला आणखी माणसे नकोतच. पंधरा लाखांच्या राज्यात वर्षाला कोटीभर पाहुणे. पाणी, कचरा, शेतजमीन, रस्ते यांचा जीव केवढा? हा मुद्दा मला मान्य आहे, निर्विवाद मान्य. पण त्यावर आकाश बंद ठेवणे हा उपाय आहे का? हिशेब करून पाहा. 2019 मध्ये पर्यटक 80 लाखांवर. त्या सुमारास दाबोळीला उतरणारे 42 लाख, आणि त्यात घरी परतणारे गोंयकारही आले. म्हणजे निम्म्याच्या आसपास पाहुणे रस्त्याने किंवा रेल्वेने आले. विमान बंद केले तर तो मुंबई-पुण्याहून गाडी घेऊन येईल, आणि त्याची गाडी इथल्या रस्त्यावर उभी राहील. धारणक्षमता राखायची तर ती बांधकाम परवान्यात, ओडीपीच्या (शहर विकास आराखड्याच्या) नकाशात, किनाऱ्यावरच्या बांधकामांना आवर घालणाऱ्या सीआरझेड नियमांत राखावी लागते. ती कामे पणजीची आहेत. ती न करता दिल्लीने विमाने रोखावीत अशी अपेक्षा धरणे म्हणजे आपल्या अंगणाची केरसुणी शेजाऱ्याला विकत आणायला सांगणे.

दुसरा आक्षेप देशी कंपन्यांच्या बाजूने येतो. आखाती कंपन्यांना मोकळीक दिली तर त्या आपला प्रवासी दुबईला नेऊन तिथून लंडन-न्यूयॉर्कला विकतील. आपल्या कंपन्यांनी, म्हणजे एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500, अशी विमाने 2023 मध्ये मागवली आहेत, त्यांना उभे राहू द्या. याला इतिहासाचा आधारही आहे. 1906 मध्ये चिदंबरम पिल्ले यांनी तुतिकोरीन-कोलंबो मार्गावर स्वदेशी आगबोटी सुरू केल्या. ब्रिटिश कंपनीने भाडे पाडत पाडत जवळजवळ फुकटात आणले, वर प्रवाशाला छत्री भेट दिली, असे सांगतात. स्वदेशी कंपनी बुडाली. खोल खिशाच्या परक्याशी लढणे सोपे नसते, हे अमान्य कोण करील?

पण संरक्षण कुणाचे आणि कशासाठी? केरळातले कन्नूर पाहा. डिसेंबर 2018 मध्ये मोठा आंतरराष्ट्रीय विमानतळ उघडला, आसपास आखातात नोकरी करणारी कुटुंबेच कुटुंबे. परदेशी कंपन्यांना तिथे उतरण्याचा हक्क मात्र दिला नाही. भारतीय कंपन्या येतील असे गृहीत धरले. मे 2023 मध्ये गो फर्स्ट ही भारतीय कंपनी बंद पडली आणि कन्नूरच्या फेऱ्यांना मोठी भगदाडे पडली. संरक्षण ज्यांना दिले त्यांनी मार्ग चालवला नाही, आणि जे चालवायला तयार होते त्यांना मनाई. संरक्षण द्यायचे तर मुदत घालून द्या, आणि जो मार्ग भारतीय कंपनी ठरल्या मुदतीत चालवत नाही तो परक्याला मोकळा करा.

शिवाय देशातल्या बाजाराची स्थिती काय? दहातले जवळपास नऊ प्रवासी आज दोन समूहांच्या विमानांत बसतात. डिसेंबर 2025 मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांना तोंड देताना एका मोठ्या कंपनीचे नियोजन कोसळले, हजारो उड्डाणे रद्द झाली, आणि सरकारला तिकिटांवर कमाल दर लावावे लागले. ऐन मोसमात खोल्या विकून बसलेल्या गोव्याच्या हॉटेलांना हे वेगळे सांगायला नको. अमेरिकेतही हेच वळण आले होते. 1978 मध्ये त्यांनी भाडी आणि मार्ग मोकळे केले, प्रवासी वाढले, भाडी उतरली, आणि 1991 मध्ये ईस्टर्न आणि पॅन अ‍ॅम या दोन्ही जुन्या कंपन्या बंद झाल्या. पण त्यांनी एक गोष्ट केली: लहान गावांची सेवा तुटू नये म्हणून अनुदानाची योजना कायद्यातच घातली. आपली उडान योजना तशीच, फक्त तीन वर्षांची मुदत घातलेली. तिची फळे शेजारी सिंधुदुर्गात दिसतात. चिपी विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये वाजतगाजत सुरू झाला, मुंबईचे विमान आले, आणि तीन वर्षांत ती सेवा खंडितही झाली. मध्यंतरी तास-दीड तासावर मोप उघडले होते. चिपीला रद्द फेऱ्यांचाच भरवसा, मोपला दिवसभर पर्याय. सावंतवाडीचा माणूस कुठे जाईल? मार्च 2024 पासून गोव्यातूनच चालणाऱ्या फ्लाय-91 ने एटीआर विमानांवर जळगाव, सोलापूर, अगत्ती अशी शहरे जोडायला घेतली आहेत. सत्तर आसनांचे ते विमान कमी प्रवाशांत चालते, म्हणून तिथे आशा आहे. अनुदान संपल्यावर बोलू.

राहिला मोप-दाबोळीचा तंटा. दक्षिण गोव्यातल्या टॅक्सीवाल्यांची, हॉटेलवाल्यांची भीती खोटी नाही. मडगावाहून मोप साठेक किलोमीटर. कोलव्याच्या हॉटेलाला तो प्रवास गिऱ्हाईक गमावण्याइतका लांब आहे. केंद्राने 2000 मध्ये मोपला तत्त्वतः मान्यता दिली तेव्हा दाबोळीची नागरी वाहतूक बंद करण्याची अट होती, ती पुढे गाळली. म्हणजे दोन्ही चालतील हे राज्य सरकारचे वचन आहे. पण वचन देणाऱ्याचा हितसंबंधही सांगायला हवा. मोपच्या निविदेत कंपनीने महसुलातला 36.99 टक्के वाटा राज्याला देऊ केला. दाबोळी केंद्राच्या प्राधिकरणाची. तिथून तसा वाटा नाही. पंचच एका संघाचा भागीदार असताना 'विमान कंपन्या स्वतःच्या मर्जीने जातात' हे त्याचे वाक्य कितपत पटावे? त्यावर उपाय अवघड नाही. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी लागते, हिवाळी ऑक्टोबरच्या. त्याआधी कोणत्या विमानतळावर कोणत्या तासाला किती स्लॉट होते, कुणी मागितले, कुणाला नाकारले, आणि मिळालेल्यांपैकी 80 टक्के कुणी वापरले नाहीत, हे जाहीर करा. वापरले नाहीत ते पुढच्या मोसमात काढून घ्यायचे, हा जगभरचा रिवाज आहे. हा तक्ता समोर आला की दाबोळी मरते आहे की मारली जाते आहे, ते चहाच्या टपरीवरही कळेल.

दिल्लीकडे मागायचे ते असे: करारात 'गोवा' हे एकच ठिकाण धरा, दोन्ही विमानतळांसह, आणि गोव्यासाठीची आसने महानगरांच्या वाट्याबाहेर वेगळी द्या. आसियानला दिली तशीच. आणि पणजीने स्वतःच्या खिशातून करायचे ते चार्टरचे. मोसमातले पहिले चार्टर पाहुणे उतरवून रिकामे परतते, कारण न्यायला अजून कुणी नसते. शेवटचे रिकामे येऊन शेवटच्या पाहुण्यांना घेऊन जाते. या दोन रिकाम्या फेऱ्यांचा खर्च मधल्या सगळ्या तिकिटांवर चढतो, आणि मोसम जितका आखूड तितका जास्त. मोपच्या महसुलातून राज्याच्या वाट्याला जे येईल, त्यातून त्या दोन फेऱ्यांचे उतरण्याचे आणि उभे राहण्याचे शुल्क परत करता येईल. अट एकच घालावी: विमान सलग वीस आठवडे आले पाहिजे.